बर्फावरची वाट आणि तिची खबर

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरून कोणी तरी शिकलेल्या बाई बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की घरचीच एक उभी करायची, आणि ती पाळी माझ्यावर आली. मी सातवी शिकलेली. पापड लाटताना माझी जीभ पुष्कळ चालते, पण हातात लाटणे नसले की शब्द सुचत नाहीत. विषय काय म्हणून विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही कॅनडाला जाऊन आलात, तिथले सांगा. फक्त तो मोठा धबधबा नको, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत." तेव्हा धबधबा बाजूला ठेवते आणि तिथे घरात बसल्या बसल्या मला जे शिकायला मिळाले ते सांगते. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या वाटा कोणत्या खुल्या आणि कोणत्या बंद, हे तिथल्या बायका मोबाईलवरच्या नकाशात कसे पाहतात, हा आजचा विषय. चिपळूणच्या बाईला बर्फाशी काय करायचे आहे, असे कोणी म्हणेल. पण पाण्याशी तर आपले आहेच, आणि बर्फ म्हणजे पाणीच.

माझी धाकटी बहीण कॅनडात ओंटारियो प्रांतात सडबरी नावाच्या गावी असते. निकेलच्या खाणींसाठी ते गाव प्रसिद्ध आहे, आणि गावाच्या हद्दीत तीनशेहून अधिक तळी आहेत. तिच्या बाळंतपणासाठी मी २०२३ च्या नोव्हेंबरात गेले ती मार्च २०२४ मध्ये परतले. म्हणजे अख्खा हिवाळा काढला. मेहुणे खाणीत इंजिनियर आहेत, स्वभावाने गरीब, पण त्यांना एक नाद आहे आणि तो म्हणजे स्नोमोबाईल.

स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची मोटारसायकल म्हणा ना. पुढे दोन पट्ट्या, होडीच्या नाकासारख्या वर वळलेल्या, त्यांनी दिशा बदलते. मागे चाकाऐवजी रबराचा रुंद पट्टा फिरतो, रणगाड्याला असतो तसा. हातात धरायच्या मुठी आतून गरम होतात. अंगात जाड कपडे, डोक्याला हेल्मेट, ते कायद्यानेच सक्तीचे. आणि एक दोरी गाडीला व दुसऱ्या टोकाने माणसाला अडकवलेली असते. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. मला सगळ्यात आवडली ती ही दोरी.

या गाडीमागे एक दुःखाची गोष्ट आहे, ती मेहुण्यांनी मला सांगितली. क्विबेक प्रांतात व्हालकूर गावी जोझेफ आर्मां बोम्बार्डिये नावाचे एक कारागीर होते, जन्म १९०७ चा. त्या काळी तिकडे हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जात आणि गावे महिनोन् महिने तुटून पडत. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. अपेंडिक्सचे दुखणे. इस्पितळ दूरच्या शहरात, आणि दाराशी बर्फाचा डोंगर. बर्फावरून जाणारी गाडी बनवण्याची त्यांची खटपट कित्येक वर्षे चालू होती, पण त्या दिवशी घरात चालणारी गाडी एकही नव्हती. मूल गेले. पुढे तीनेक वर्षांत त्यांनी सात माणसे बसतील अशी गाडी बनवून विकायला काढली, १९३७ मध्ये तिच्या पट्ट्याचे पेटंट घेतले. असल्या गाड्यांतून डॉक्टर, टपाल, शाळेची मुले जाऊ लागली. आज दिसते ती लहान, एक-दोन माणसांची स्की-डू गाडी त्यांनी १९५९ मध्ये आणली आणि १९६४ मध्ये ते वारले. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा मांडीवर दहा दिवसांचे बाळ होते. त्यानंतर त्या गाडीला मी कधी नावे ठेवली नाहीत. मेहुण्यांना ठेवली असतील.

आता वाटांकडे येते. आम्हांला वाटते, बर्फ पडला की चहूकडे मोकळे रान, कुठूनही जावे. तसे मुळीच नाही. ओंटारियोत या गाड्यांसाठी आखलेल्या वाटा सुमारे ३०,००० किलोमीटर आहेत. त्या सरकार राखत नाही. गावोगावी स्नोमोबाईलवाल्यांचे क्लब आहेत, त्यांचा मिळून एक प्रांतिक संघ आहे, आणि काम करणारी बहुतेक माणसे फुकट राबणारी. वाटेवर जायचे तर वर्षाचा परवाना घ्यावा लागतो, ठरल्या तारखेच्या आत घेतला तर स्वस्त पडतो. त्या पैशांतून वाटा राखतात. आपल्या मंडळाची वर्गणी जशी मार्चच्या आधी भरायला सांगतो आणि कोणी भरत नाही, त्यावर त्यांनी हा तोडगा काढला आहे. चिटणीसबाईंनी लिहून घ्यावे.

वाटा पुष्कळ ठिकाणी खासगी जमिनीतून जातात. शेतकरी, बागाईतदार, जंगलवाले यांची परवानगी असते म्हणून वाट असते. कोणी तरी मस्तीत वाट सोडून शेतात गाडी घातली, बर्फाखाली रुजलेला हिवाळी गहू चिरडला, की मालक दुसऱ्या दिवशी परवानगी काढून घेतो. मग मैल दोन मैलांचा तुकडा गळतो आणि दोन गावांमधली वाटच तुटते. एकाच्या दांडगाईने शंभर जणांचे जाणे बंद, हे मला आपल्याकडच्या बांधावरच्या पायवाटांवरून लगेच कळले.

वाट तयार कशी करतात हे ऐकण्यासारखे आहे. शेजारी एक आजोबा राहत, खाणीतून निवृत्त झालेले, फ्रेंच बोलणारे. ते क्लबाचे जुने कार्यकर्ते. त्यांचे इंग्रजी मोडके आणि माझे त्याहून मोडके, पण मधे बहीण असे. त्यांनी सांगितले, आधी पावसाळी जमीन, दलदली गोठल्या पाहिजेत, नुसता बर्फ पडून भागत नाही. मग पडलेली झाडे तोडायची, पाट्या लावायच्या, तळ्यावर जिथून वाट जाते तिथे काठ्या रोवायच्या. मग मोठे यंत्र रात्री वाटेवरून फिरवायचे. त्याच्या मागे ओढलेल्या चौकटीला पाती असतात. ती उंचवटे कापतात, खड्डे भरतात आणि शेवटची सपाट पाटी बर्फ दाबून बसवते. रात्री अशासाठी की तेव्हा थंडी जास्त आणि गाड्या कमी. दाबलेला बर्फ काही तास निवांत राहिला तरच घट्ट बसतो. मी म्हटले, हे तर आमचे सारवण झाले. सारवून झाल्यावर वाळायच्या आत कोणी पाय दिला तर जन्मभर तो ठसा दिसतो. बहिणीने त्यांना सारवण समजावून सांगितले. शेणाचे नाव ऐकून आजोबा पुष्कळ हसले, पण मुद्दा त्यांना पटला.

आता एवढ्या लांबच्या वाटा. कुठे बर्फ आहे, कुठे नाही, कुठे पूल वाहून गेला, हे घरच्या माणसाला कसे कळावे? त्यासाठी संघाने नकाशा केला आहे. तो मोबाईलवर किंवा संगणकावर उघडतो, पाहायला पैसे पडत नाहीत. दोन बोटे लावून फाकवली की जवळ येतो, प्रांत, मग तालुका, मग आपले तळे. प्रत्येक वाट रंगीत रेषेने काढलेली असते. मोठ्या लांब पल्ल्याच्या वाटांना इंग्रजी अक्षरे, फाट्यांना आकडे. रेषेवर बोट टेकले की त्या तुकड्याची माहिती उघडते. पेट्रोल कुठे मिळेल, जेवण कुठे, मुक्काम कुठे, याच्याही खुणा असतात. कागदावरच्या नकाशात आणि याच्यात फरक एवढाच, की हा दिवसागणिक बदलतो. क्लबातली माणसे वाट पाहून येतात आणि रंग बदलायला कळवतात.

रंग तीन. हिरवा म्हणजे वाट खुली आहे. पिवळा म्हणजे वाट खुली, पण जपून. बर्फ पातळ असेल, यंत्र फिरले नसेल, मधेच दगड किंवा माती वर आलेली असेल. लाल म्हणजे बंद. लाल वाटेवर गेलात तर परक्याच्या आवारात घुसल्यासारखे आहे, कारण त्या वेळी मालकाची परवानगीच लागू नसते. पोलीस दंडही करतात.

पिवळ्या रंगाबद्दल थोडे अधिक सांगते, कारण घरात वाद होतात ते पिवळ्यावरून. मेहुण्यांच्या मते पिवळा म्हणजे जवळजवळ हिरवा, आणि बहिणीच्या मते पिवळा म्हणजे जवळजवळ लाल. आजोबांना विचारले तर ते म्हणाले, पिवळा म्हणजे तुमचा वेग कमी, दिवस मोठा आणि सोबत दुसरी गाडी असली पाहिजे. वाटेवर एरवीसुद्धा ताशी ५० किलोमीटरची मर्यादा आहेच. शिवाय एक गोष्ट मला नवीन होती. पुष्कळ गाड्यांचे इंजिन निवते तेच मुळी पट्ट्याने उडवलेल्या बर्फामुळे. पातळ बर्फावर किंवा नुसत्या कडक बर्फाच्या लादीवर फार वेळ चालवले तर गाडी तापते. म्हणजे भर थंडीत, उणे वीस अंशांत, गाडी तापून बंद पडायची आणि आपण रानात. तिथे मोबाईलला रेंज असेलच असे नाही.

आणि हिरवा म्हणजे सुद्धा शपथ नव्हे. नकाशा सांगतो ते पाहणारा माणूस पाहून आला त्या वेळचे. दुपारी झाड पडले तर कोणी कळवीपर्यंत नकाशाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून आजोबा आदल्या रात्री एकदा आणि निघताना एकदा नकाशा पाहायला सांगत, आणि कधीचा रंग आहे तेही.

आम्ही होतो तो हिवाळा, म्हणजे २०२३-२४ चा, तिकडे फारच उबदार गेला. माझ्यासारखीला ती थंडीसुद्धा पोटात शिरणारी, पण तिथले लोक हळहळत. बर्फ पडे आणि वितळे. नकाशा उघडला की लालच लाल. मेहुण्यांची गाडी डिसेंबर सबंध अंगणात ताडपत्रीखाली. रोज जेवून उठले की नकाशा पाहायचे आणि उसासा टाकायचे.

जानेवारीच्या अखेरीस थंडी जरा बसली, काही वाटा पिवळ्या झाल्या, एक-दोन हिरव्या. मेहुण्यांच्या खाणीतल्या एका मित्राचे तळ्याकाठी रानातले घर आहे, त्याला तिकडे कॅम्प म्हणतात. शनिवारी चौघांनी तिथे जायचे ठरले. मोटारीने गेले तर वळसा फार. स्नोमोबाईलने तळ्यावरून सरळ गेले तर अर्ध्या तासात पोहोचतात. बाहेर पाहिले तर सगळे पांढरेशुभ्र, तळे कुठे आणि जमीन कुठे ते कळू नये. पण नकाशात तळ्यापर्यंतची वाट पिवळी आणि तळ्यावरची रेष लाल.

शुक्रवारी रात्री बाळ झोपल्यावर बहिणीने तो मोबाईल त्यांच्यापुढे धरला. ती त्यांना अरे-तुरे करते, हल्लीच्या जोडप्यांत चालते.

"हे लाल आहे. तू जायचे नाहीस."

"अगं, क्लबवाले फार भितात. कालच त्या तळ्यावर गाड्यांचे माग पाहिलेत सगळ्यांनी. गेलेत लोक."

"लोकांच्या घरी तीन आठवड्यांचे बाळ नसेल."

मेहुणे माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा हिला." मी कशाला सांगते! मी म्हटले, आपल्या दोघांनाही बर्फातले कळत नाही, ज्याला कळते त्याला विचारू. आणि खिडकीतून पाहिले तर आजोबांकडे दिवा होता. रात्रीचे साडेआठ. बहिणीने फोन केला आणि ते आलेच, पायात गमबूट, हातात लांब ड्रिल. त्या दिवशी दुपारी तेच तळ्यावर बर्फ मोजायला गेले होते.

त्यांनी जे सांगितले ते मी जसेच्या तसे लक्षात ठेवले आहे. काठाजवळ भोक पाडले तर बर्फ २२ सेंटीमीटर. आणखी पन्नास पावलांवर १८. आणि जिथे तळे अरुंद होते, खालून ओढ्याचे पाणी येते, तिथे जेमतेम ९. तिथून ते मागे फिरले. कॅनडाच्या रेड क्रॉसची शिकवण अशी की एका माणसाने चालायला १५ सेंटीमीटर बर्फ हवा आणि स्नोमोबाईलला २५. तोही स्वच्छ निळसर. पांढरट दुधी बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची आणि करड्या रंगाचा असेल तर पायच टाकायचा नाही, कारण त्यात पाणी आहे.

मेहुण्यांनी मागांचे काढले. आजोबा म्हणाले, "माग म्हणजे कोणी तरी गेला एवढेच. तो काय वजनाचा होता, कुठून वळला, कुणास ठाऊक." मग त्यांनी आणखी एक सांगितले ते मला फार पटले. तळ्यावर लवकर बर्फ पडून साचला तर लोकांना वाटते तळे चांगले गोठले असेल. उलटेच असते. वरचा भुसभुशीत बर्फ म्हणजे तळ्यावरची गोधडी. गोधडी जशी आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तशी ती तळ्याची ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि खालची लादी जाड व्हायची थांबते. म्हणजे जिथे सगळ्यात मऊ, सुंदर, पांढरे दिसते तिथेच खाली पातळ असू शकते. मला आपला दगडी बंधाऱ्यावरचा डोह आठवला. वर पान हलत नाही आणि आत भोवरा.

शनिवारी मेहुणे आणि एक मित्र मोटारीने वळसा घालून गेले. दुसरे दोघे तळ्यावरून गेले. आणि तेही सुखरूप पोहोचले, हे मी मुद्दाम सांगते, कारण गोष्टीत अशा वेळी कोणी तरी बुडतेच. कोणी बुडाले नाही. मेहुणे परत आल्यावर म्हणाले, "बघ, गेले की नाही ते?" बहीण बाळाचे लंगोट घडी करीत होती. म्हणाली, "गेले. तू गाडीत हीटर लावून गेलास, काय बिघडले?" त्यावर त्यांनी उत्तर दिले नाही, पण दोन दिवस घुम्यासारखे होते. फेब्रुवारीत नकाशात घराजवळची एक वाट हिरवी झाली, त्या दिवशी मात्र तिनेच त्यांना उठवले, डबा भरून दिला आणि म्हणाली, जा. सात तास गडी परत आला नाही. आला तेव्हा मिशांना बर्फ लागलेला आणि चेहरा दहा वर्षांच्या पोरासारखा.

मला त्या नकाशात काय आवडले ते सांगते. घरी राहणाऱ्या बाईला पूर्वी काय उरायचे? "जपून जा" म्हणायचे आणि दारात उभे राहायचे. माणूस म्हणणार, काही होत नाही, आणि तिच्याकडे बोलायला काही नसायचे. आता तिच्या हातात तोच नकाशा आहे जो त्याच्या हातात आहे. भांडण झाले तरी ते कशावरून झाले ते दोघांनाही दिसते. आणि नकाशाच्या मागे कोण, तर हातात ड्रिल घेऊन दुपारभर तळ्यावर फिरणारा सत्तरीचा म्हातारा. तो गेला नसता तर ती रेष लाल झाली नसती. मोबाईलला काय कळते तळ्याचे!

आपल्याकडे हे नवीन नाही. पावसाळ्यात पऱ्या भरला की साकवावरून जाण्याआधी आपण पलीकडून आलेल्याला विचारतो, पाणी कुठवर आहे? पण पलीकडून कोणी आलेच नसेल तर? २०२१ च्या जुलैतली २२ तारीख आपल्यापैकी कोणी विसरलेली नाही. रात्रभर पाऊस, वर भरती, वाशिष्ठी बाजारपेठेत. त्या पहाटे कोणाला कोणत्या गल्लीतून बाहेर पडायचे ते माहीत नव्हते. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर निरोपांचा पाऊस, पण निरोप कधीचा, कोणी पाहिलेला, काही पत्ता नाही. काल रात्रीचा निरोप सकाळी फिरत होता.

म्हणून माझी एक सूचना आहे, ती कार्यकारिणीने विचारात घ्यावी. आपल्या मंडळाच्या सभासद नदीकाठी आहेत, टेकावर आहेत, साकवाच्या अलीकडे आहेत आणि पलीकडेही आहेत. जूनपासून ज्या त्या भागातल्या एका बाईने आपल्या दारापुढच्या रस्त्याची खबर मंडळाच्या मोबाईल गटावर टाकावी. तीनच शब्द पुरेत, हिरवा, पिवळा किंवा लाल. पण पुढे वेळ लिहायची आणि स्वतः पाहिले असेल तरच लिहायचे. दुसऱ्याने सांगितलेले पुढे ढकलायचे नाही. आणि त्या गटावर तेवढे दोन महिने सुप्रभातची फुले पाठवू नयेत. यात कोणाला राग येणार असेल तर येऊ दे.

तिकडचा तो नकाशा ज्यांना पाहायचा असेल, विशेषतः ज्यांची मुले, भाचरे तिकडे थंडीत शिकायला आहेत आणि मित्रांबरोबर बर्फावर जातो म्हणून फोनवर सांगतात, त्यांनी बुधवारी भजन झाल्यावर थांबावे. भाचा आता दीड-दोन वर्षांचा झाला आहे आणि बहीण हिवाळ्यात मला रोज त्या तळ्याचा रंग कळवते, त्यामुळे माझा हात बसला आहे. येताना चष्मा आणावा. रेषा फार बारीक आहेत.